कॅसेट एकदाच उतरवा, पण नीट: जुन्या व्हीएचएससाठी सॉफ्टवेअर आणि कोडेक कसा निवडावा

माझ्या ताईचं लग्न १९९५च्या मे महिन्यात दादरच्या एका हॉलमध्ये झालं. शूटिंगची व्हीएचएस कॅसेट दहाएक वर्षं कपाटात होती. मग कॅसेट वाजवणारा घरचा व्हीसीपी बिघडला, आणि ओळखीच्या एका स्टुडिओने कॅसेटची व्हीसीडी करून दिली. ‘आता कॅसेट कशाला ठेवता, उगीच जागा अडते,’ असं त्यांनी सांगितलं आणि आम्ही ते ऐकलं. आज ती व्हीसीडी लावली की पंगतीत बसलेले आजोबा दिसतात, पण चेहऱ्याच्या जागी चार-सहा चौकोन हलत असतात. शूटिंग वाईट नव्हतं. व्हीसीडीची चौकट मुळातच ३५२×२८८ ठिपक्यांची असते, म्हणजे पाल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) चित्राच्या पाव भागाहूनही कमी. त्यातच हालचालीचा अर्धा भाग गाळलेला असतो. जे गाळलं गेलं ते परत आणायला आमच्याकडे आता कॅसेटच नाही.

म्हणून हा लेख लिहितो आहे. गिरगावच्या मावशीकडच्या, मित्रांच्या आणि शेजाऱ्यांच्या मिळून बऱ्याच कॅसेट मी त्यानंतर उतरवल्या. दर वेळी नवशिक्याचा पहिला प्रश्न असतो, ‘एमपी४ करायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?’ हा प्रश्न दोन पावलं पुढचा आहे. कॅसेटवरून कॉम्प्युटरवर येताना चित्र जसंच्या तसं आलं पाहिजे. ते लहान करणं, सुधारणं, व्हॉट्सॲपवर पाठवणं हे सगळं नंतर, हवं तितक्या वेळा करता येतं. फीत मात्र दर वेळी वाजवताना थोडी झिजते, आणि ती वाजवणारी यंत्रं संपत चालली आहेत. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिनेही २०१६च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं. सॉफ्टवेअर असो वा कोडेक (चित्र फाइलमध्ये कसं लिहायचं ते ठरवणारी पद्धत), निवडताना एवढंच विचारा: हा माझ्या चित्रातलं काही फेकून तर देत नाही ना?

कॅसेट आणि यंत्र

कॅसेट हातात आली की आधी तिच्या मागच्या कडेची छोटी प्लास्टिकची टॅब मोडलेली आहे का ते बघा. नसेल तर मोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी मग काही पुसलं जाणार नाही.

नंतर कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे बघा. मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं पडून असलेल्या कॅसेटवर पांढुरकी, कापसासारखी बुरशी हमखास धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर (फितीवरचं चित्र वाचणाऱ्या भागावर) बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि फीत साफ करून देणारा जाणकार शोधा. उरलेल्या कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. हे काम शक्यतो डिसेंबर ते फेब्रुवारीत काढा. पावसाळ्यात कॅसेट कपाटाबाहेर मांडून ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण.

व्हीसीआर कोणता? चालू स्थितीतला, स्वच्छ हेडचा, आणि जमल्यास दुसऱ्या कोणाच्या घरातला जपून वापरलेला. चोर बाजारात यंत्रं मिळतात, पण स्वतःची एखादी कमी महत्त्वाची कॅसेट बरोबर नेऊन तिथेच वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आखातातून आणलेले बरेचसे व्हीसीआर मल्टिसिस्टिम असतात आणि ते फार उपयोगी पडतात, कारण अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट एनटीएससी (तिकडची टीव्ही पद्धत) असते आणि आपली पाल. फक्त एक गोष्ट सांभाळा. अशा यंत्रावर ‘एनटीएससी ऑन पाल टीव्ही’ या अर्थाची सोय असते. त्यातून निघणारा मिश्र सिग्नल टीव्हीला चालतो, पण बऱ्याच कॅप्चर कार्डांना (व्हीसीआरचा सिग्नल कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या उपकरणांना) समजत नाही आणि चित्र काळं-पांढरं येतं किंवा गुंडाळत राहतं. एनटीएससी कॅसेटला व्हीसीआरचं आउटपुटही शुद्ध एनटीएससीच ठेवा.

वायर पिवळ्या, पांढऱ्या, लाल टोकांची घ्या. मागची अँटेनाची पिन वापरू नका, तिच्यातून चित्र आणि आवाज दोन्ही खराब होऊन येतात. व्हिडिओ ८ किंवा हाय८ कॅमेऱ्यावर एस-व्हिडिओची गोल पिन असेल तर पिवळ्या वायरऐवजी ती लावा; रंग आणि उजेड वेगळे येतात आणि फरक डोळ्यांना दिसतो.

कार्ड

सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी कार्डाने जे दिलं नाही ते त्याला मिळणार नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

लॅमिंग्टन रोडवर विचारलंत तर काही शे रुपयांत ‘ईझीकॅप’ नावाची यूएसबी काडी पुढे येते. हे नाव एकच असलं तरी आतल्या चिप वेगवेगळ्या असतात. काही बऱ्या चालतात, काही दर काही सेकंदांनी एखादी फ्रेम (व्हिडिओतलं एक चित्र) गाळतात. डबीवरून काही कळत नाही. म्हणून लॅपटॉप आणि छोटा प्लेअर घेऊन जा, किंवा बदलून देण्याची बोली करून घ्या. घेताना एकच कसोटी लावा: हे कार्ड कॉम्प्युटरला न दाबलेलं (कॉम्प्रेस न केलेलं) चित्र देतं का? सॉफ्टवेअरमध्ये त्याचं रूप ‘वाययूवाय२’ (YUY2) किंवा ‘यूवायव्हीवाय’ (UYVY) असं दिसायला हवं. पाल चित्राचा आकार ७२०×५७६ मिळायला हवा. काही कार्डं स्वतःच्याच सॉफ्टवेअरमधून थेट एमपी४ बनवून देतात. वापरायला ती फार सोपी असतात, पण दाबलेलं चित्र सोडून दुसरं काही देत नसतील तर आपल्या कामाची नाहीत.

आणखी एक सापळा म्हणजे एव्ही टू एचडीएमआय नावाची डबी. पिवळी वायर आत, एचडीएमआय बाहेर, वर मोठ्या अक्षरात १०८०पी. ही डबी जुन्या चित्राला ओढून मोठं करते, त्याच्या ओळी घाईघाईने एकत्र मिसळते, आणि पुढची स्वस्त एचडीएमआय काडी ते पुन्हा दाबते. या दोन्ही गोष्टी मागे फिरवता येत नाहीत. आकडा १०८० दिसला म्हणून तपशील वाढत नाही. व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेने साधारण २४० ओळींइतकाच तपशील असतो.

जमल्यास टाइम बेस करेक्टरही मिळवा. जुनी फीत वाजताना प्रत्येक ओळ किंचित मागेपुढे सुरू होते, म्हणून दारांच्या उभ्या चौकटी लाटेसारख्या हलतात. करेक्टर त्या ओळी सरळ करतो. वेगळं यंत्र महाग पडतं, पण पॅनासॉनिकचे ईएस१० आणि ईएस१५ हे जुने डीव्हीडी रेकॉर्डर मधे जोडले की हेच काम बऱ्यापैकी करतात. त्यांच्यात काही रेकॉर्ड करायचं नाही, फक्त सिग्नल त्यांच्यातून जाऊ द्यायचा. नाहीच मिळालं तर अडून राहू नका, पुढे चला.

कोडेक: इथे घाई नको

पालच्या चित्रात सेकंदाला २५ फ्रेम असतात, आणि प्रत्येक फ्रेम दोन फील्डची. आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या ओळी. म्हणजे हालचालीचे सेकंदाला ५० क्षण. रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी असते. कार्ड ती ४:२:२ या प्रमाणात, म्हणजे आडव्या दिशेने अर्धी देतं. हे सगळं जसंच्या तसं लिहिलं तर सेकंदाला सुमारे २०.७ एमबी, तासाला सुमारे ७५ जीबी होतात.

एवढी जागा लागत नाही, कारण लॉसलेस कोडेक आहेत. ते झिप फाइलसारखे असतात: आकार कमी होतो, पण उघडल्यावर एक ठिपकाही बदललेला नसतो. व्हीएचएसला तासाला साधारण २५ ते ३५ जीबी लागतात. फितीत खरखर जास्त असेल तर आणखी थोडे, कारण खरखर कुठल्याच कोडेकला नीट दाबता येत नाही. तीन तासांच्या ई-१८० कॅसेटला म्हणून ९० जीबीच्या आसपास जागा मोकळी ठेवा.

तीन नावं पुरेशी आहेत. हफवाययूव्ही सगळ्यांत जुना आणि हलका, कॅप्चरला भरवशाचा. लॅगारिथ त्याच्याहून थोडी लहान फाइल देतो, पण प्रोसेसरवर जास्त भार टाकतो. यूट व्हिडिओ नंतरचा, वेगवान, आणि प्रोसेसरचे सगळे कोअर वापरणारा. मी गेली काही वर्षं यूट व्हिडिओच वापरतो आणि तुम्हालाही तोच सुचवेन. त्याच्या यादीत अनेक प्रकार दिसतील. त्यातला ‘वाययूव्ही ४२२’ आणि ‘बीटी.६०१’ असं लिहिलेला निवडा. बीटी.७०९ हे एचडी चित्रासाठी असतं. आरजीबीवाला प्रकार घेतला तर रंगांचं विनाकारण रूपांतर होतं आणि फाइलही फुगते. लॅगारिथ घेतलात तर त्याच्या सेटिंगमध्ये मोड ‘वाययूवाय२’ ठेवा, कारण न बघता सुरुवात केली तर तो आरजीबीत लिहून बसू शकतो.

४:२:२चा आग्रह कशासाठी, हे आपल्या लग्नांच्या कॅसेटवर चटकन दिसतं. व्हीएचएसमध्ये रंग मुळातच कच्चा असतो, आणि सगळ्यांत जास्त पसरतो तो लाल. लाल शालू, कुंकू, हॉलमधला लाल पडदा यांच्या कडा आधीच ओघळलेल्या असतात. एमपी४ आणि डीव्हीडी रंग ४:२:० वर आणतात, म्हणजे उभ्या दिशेनेही अर्धा करतात. दोन फील्डच्या चित्रात ते नीट जुळलं नाही की शालूच्या काठावर लाल करवतीचे दाते दिसू लागतात. शेवटची प्रत ४:२:०च असणार, तिला इलाज नाही. पण ती कपात दुरुस्ती झाल्यावर, एकदाच आणि सावकाश झालेली बरी.

थेट एच.२६४ (एमपी४मधला नेहमीचा कोडेक) मध्ये का घेऊ नये? कारण तो कोडेक कॅसेटची खरखर हीच महत्त्वाची हालचाल समजतो. सगळे बिट तिच्यावर खर्च होतात आणि चेहऱ्यांना उरत नाहीत. पुढे खरखर काढायची म्हटली तर खरखरीबरोबर त्याने केलेले चौकोनही काढावे लागतात, आणि चौकोनांमागे काय होतं हे कोणालाच माहीत नसतं. ताईच्या व्हीसीडीचं मी अनेक प्रकारे करून पाहिलं. चौकोन पुसट होतात, आजोबा परत येत नाहीत.

कॅसेट मिनीडीव्ही असेल तर हा सगळा विचार बाजूला ठेवा. तिच्यावर डिजिटल माहितीच असते. फायरवायरची जोडणी असलेल्या कॉम्प्युटरवर विनडीव्हीसारख्या सॉफ्टवेअरने ती जशीच्या तशी उचलून आणायची. तासाला सुमारे १३ जीबी होतात आणि कोडेक निवडण्याचा प्रश्नच येत नाही. तिला पिवळ्या वायरीने उतरवणं हे मात्र नुकसानच.

सॉफ्टवेअर

विंडोजवर माझी पहिली निवड व्हर्च्युअलडब. १.१०.४ ही त्याची २०१३ची आवृत्ती, फुकट, आणि इन्स्टॉलही करावी लागत नाही. व्हर्च्युअलडब२ हे तिचंच पुढे वाढवलेलं रूप, तेही चालतं. दिसायला साधं आहे, पण कॅप्चर करताना किती फ्रेम गळल्या, किती भरल्या, आवाज आणि चित्रात किती फरक पडतोय, हे सगळं ते बाजूच्या पट्टीत क्षणोक्षणी दाखवतं. नवशिक्याला याच गोष्टीची सर्वांत जास्त गरज असते.

एक खुबी लक्षात ठेवा, नाहीतर अर्धा दिवस जाईल. व्हर्च्युअलडब ३२ बिटचं घेतलंत तर त्याला ३२ बिटचाच कोडेक दिसतो. ‘यूट व्हिडिओ इन्स्टॉल केला तरी यादीत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते.

अमारेकटीव्ही हा दुसरा पर्याय. काही कार्डं व्हर्च्युअलडबशी जुळत नाहीत, आवाज मागे पडत जातो, तेव्हा हे जपानी सॉफ्टवेअर कामाला येतं. त्यातही यूट व्हिडिओ निवडता येतो.

ओबीएस स्टुडिओ आज सगळ्यांना माहीत आहे, म्हणून बरेच जण तेच उघडतात. ते उत्तम सॉफ्टवेअर आहे, पण वेगळ्या कामाचं. आलेलं चित्र ते आपल्या कॅनव्हासवर मांडतं आणि मग पुन्हा नव्याने लिहितं. कॅनव्हास १९२०×१०८० ठेवलेला असेल तर दोन फील्डच्या ओळी ताणल्या जाऊन एकमेकींत मिसळतात, आणि नंतर त्या सोडवता येत नाहीत. रंगही ते मूळ सेटिंगमध्ये ४:२:० वरच ठेवतं. दुसरा मार्गच नसेल तर कॅनव्हास ७६८×५७६ ठेवा, फ्रेमचा वेग ५० करा, आणि सोर्सवर उजवं बटण दाबून डीइंटरलेसिंगमध्ये (फील्डच्या पूर्ण फ्रेम करण्याच्या पर्यायात) ‘याडिफ २एक्स’ आणि ‘टॉप फील्ड फर्स्ट’ निवडा. बघण्यापुरती प्रत चांगली निघते. जपून ठेवण्याची मूळ प्रत म्हणून मी तिच्यावर विसंबणार नाही.

लिनक्सवाल्यांसाठी चांगली बातमी अशी की या स्वस्त काड्यांपैकी काही चिपचे ड्रायव्हर थेट कर्नलमध्येच आहेत, आणि एफएफएमपेगने लॉसलेस कॅप्चर करता येतं. मॅकवर व्यवस्था अवघड आहे. व्हीरेकॉर्ड हे जपणुकीचं काम करणाऱ्यांनी बनवलेलं मुक्त सॉफ्टवेअर तिथे चालतं, पण त्याला ब्लॅकमॅजिकसारखं कार्ड लागतं. घरात जुना विंडोज लॅपटॉप असेल तर तो या कामाला काढा. फार ताकद लागत नाही.

मांडणी आणि चाचणी

आधी डिस्क. सेकंदाला दहा-बारा एमबी लिहायला साधी हार्ड डिस्कही पुरते. तिचा फॉरमॅट मात्र एनटीएफएस हवा. एफएटी३२ असेल तर फाइल ४ जीबीला थांबते, आणि मंगलाष्टकांच्या मधोमध थांबली तर पुन्हा पहिल्यापासून. लॅपटॉपची झोप बंद करा, अँटिव्हायरसची तपासणी आणि विंडोजचे अपडेट थोपवा, आणि कार्ड हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये लावा. चित्रात आडवे पुसट पट्टे सावकाश वर सरकताना दिसले तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. बहुतेकदा ते वीजजोडणीमुळे असतात.

आता व्हर्च्युअलडबमध्ये ‘कॅप्चर एव्हीआय’ उघडा आणि डिव्हाइस यादीतून कार्ड निवडा. कार्डाचं मानक पाल बी निवडा. चित्राचा आकार ७२०×५७६, रूप वाययूवाय२, फ्रेमचा वेग २५. कॉम्प्रेशनमध्ये यूट व्हिडिओ. आवाज न दाबलेला पीसीएम, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट. आवाजाला इथे कंजूषी करू नका. एका तासाला एक जीबीही लागत नाही.

आवाज कुठून येतोय ते नावानिशी बघा. यादीत लॅपटॉपचा मायक्रोफोनही असतो आणि कार्डाचा आवाजही. चुकीचा निवडला गेला तर दोन तासांच्या मुंजीवर खोलीतला पंखा आणि खालच्या भाजीवाल्याची हाक रेकॉर्ड होते. माझ्या बाबतीत हे घडलं आहे, आणि ती कॅसेट मला पुन्हा वाजवावी लागली. आवाज अजिबात येत नसेल तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये डेस्कटॉप ॲपना मायक्रोफोनची परवानगी आहे का ते तपासा. कार्डाचा आवाजही विंडोजच्या लेखी मायक्रोफोनच असतो.

मग उजेडाची पातळी. हे पाऊल बहुतेक जण गाळतात आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. त्या काळच्या शूटिंगवाल्यांकडे कॅमेऱ्यासोबत झगझगीत दिवा असायचा. त्या उजेडात नवऱ्या मुलाचा पांढरा सदरा, मुंडावळ्यांचे मोती, भटजींचं उपरणं सगळं पांढऱ्याच्या टोकाला जातं. कार्डाने ते टोक कापलं की सदऱ्याच्या सुरकुत्या कायमच्या गेल्या. व्हर्च्युअलडबमध्ये हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) चालू करा. चित्राच्या बाजूच्या काळ्या कडा मोजणीत येऊ नयेत म्हणून क्रॉप थोडं आत घ्या. सगळ्यांत उजळ प्रसंग लावा आणि आलेख दोन्ही टोकांना लाल भागात घुसत नाही इतपत ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट कमी करा. झालं की क्रॉप पुन्हा शून्यावर आणा. चित्र थोडं मळकट दिसलं तरी चालेल. नंतर उजळता येतं, कापलेलं जोडता येत नाही.

आता कॅसेट मधेच कुठेतरी लावून पाच मिनिटं चाचणी घ्या. कॅप्चर एस्केप दाबून थांबतं. फाइल उघडा आणि ओठांकडे बघा, टाळ्यांकडे बघा, सनईवादकाच्या बोटांकडे बघा. आवाज जुळतोय का? बाजूच्या पट्टीत गळलेल्या फ्रेमचा आकडा एकसारखा वाढत असेल तर पोर्ट बदला, चालू असलेले प्रोग्राम बंद करा, पूर्वदृश्य (प्रीव्ह्यू) बंद करून बघा. तरीही वाढत असेल तर दोष बहुधा अस्थिर सिग्नलचा असतो, आणि तिथे करेक्टरची किंमत कळते. जिथे कॅमेरा बंद करून पुन्हा सुरू केला आहे अशा सांध्यांवर एक-दोन फ्रेम गळणं स्वाभाविक आहे, त्याने घाबरू नका. कधीकधी कार्ड घरगुती कॅसेटलाही ‘कॉपी संरक्षित’ म्हणून अडवतं. तेही फितीच्या अस्थिर सिग्नलमुळे, कॅसेटवर खरोखर संरक्षण असतं म्हणून नव्हे.

चित्रात हालचालीच्या वेळी कंगव्यासारखे दाते दिसतील. ते बरोबर आहे! दोन फील्ड जिवंत आल्याची ती खूण आहे. खाली सात-आठ ओळी फाटलेल्या दिसतील, तीही हेड बदलण्याची नेहमीची जागा; टीव्हीवर ती कडेमागे लपायची. कॅप्चर करताना काहीही कापू नका, दाते काढायचा कुठलाही पर्याय चालू करू नका.

ट्रॅकिंग (हेड आणि फीत जुळवण्याची व्हीसीआरवरची सोय) कॅसेटनुसार जुळवा आणि मग कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात उतरवा. लॅपटॉपवर त्या वेळात दुसरं काही करू नका. घरातली मोठी माणसं जवळ असतील तर त्यांना समोर बसवा आणि वही घेऊन लिहून घ्या: कितव्या मिनिटाला कोण दिसतं. मावशी मला एकेका चेहऱ्याचं नाव सांगत गेली. त्यातली निम्मी माणसं ओळखणारं तिच्यानंतर आमच्याकडे कोणी नाही.

बघण्याची प्रत

मूळ फाइल तशीच ठेवून तिच्यावरून एमपी४ काढा. सोपा मार्ग म्हणजे हँडब्रेक. त्यात डीइंटरलेसमध्ये याडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ निवडून प्रीसेट ‘बॉब’ ठेवा, म्हणजे ५० फील्डच्या ५० पूर्ण फ्रेम होतात. २५वर आणलं तर हालचाल झटक्याझटक्याने दिसते. लेझीम, फुगडी, विसर्जनाची मिरवणूक यात तर फारच. माणसं पुढे-मागे थरथरताना दिसली तर फील्डचा क्रम उलटा आहे असं समजा. कार्डावरून आलेलं चित्र बहुधा वरच्या फील्डपासून सुरू होतं, डीव्हीचं खालच्या. प्रमाण ४:३ ठेवा. काका-काकू टीव्हीच्या रुंदीइतके ओढू नका. कोडेक एच.२६४, गुणवत्ता १८च्या आसपास. एच.२६५ लहान फाइल देतो, पण जुन्या टीव्हीच्या यूएसबीवर चालेलच असं नाही, आणि ही प्रत आजीच्या टीव्हीवर चालणं महत्त्वाचं.

हात बसला की ॲव्हीसिंथ या सॉफ्टवेअरमधलं क्यूटीजीएमसी शिका. ते याच कामाला जास्त वेळ घेतं, पण ओळी इतक्या सफाईने जोडतं की मला दुसरं काही वापरवत नाही. शिकायला वेळ लागला तरी काही बिघडत नाही, कारण मूळ प्रत तुमच्याकडे आहे; पाच वर्षांनी आणखी चांगलं काही आलं तर तेही वापरता येईल.

यूट्यूबवर घरच्यांसाठी टाकणार असाल तर आधी १४४०×१०८० असं मोठं करून टाका. ५० फ्रेमचा वेग यूट्यूब ७२०पी आणि त्यावरच्या प्रतीलाच देतं. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल न दाबता जाते.

साठवण

मूळ फाइल कायमची ठेवताना मी ती एफएफव्ही१ कोडेकमध्ये, एमकेव्ही डब्यात (फाइलच्या प्रकारात) बदलून ठेवतो. लॉसलेसमधून लॉसलेसमध्ये जाताना काहीच हरवत नाही. फाइल थोडी लहान होते, आणि प्रत्येक फ्रेमसोबत तपासणीचा आकडा लिहिलेला राहतो, त्यामुळे पुढे डिस्कवर एखादा तुकडा खराब झाला तर नेमका कुठे ते कळतं. या कोडेकचं तांत्रिक वर्णन २०२१मध्ये इंटरनेट मानकांच्या मालिकेत छापलं गेलं आहे, म्हणून एखादी कंपनी बंद पडली तरी तो वाचता येईल. बदललेली फाइल पूर्ण वाजवून तपासल्याशिवाय आधीची पुसू नका.

दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. आमची एक डिस्क पुण्याला ताईकडे असते. २६ जुलै २००५च्या पुरात तळमजल्यावरच्या घरांतले अल्बम आणि कॅसेट एकाच कपाटात होते म्हणून एकदमच गेले, हे मी जवळून पाहिलं आहे. वर्षातून एकदा दोन्ही डिस्क जोडून फाइल उघडतात का ते बघा.

फाइलला नाव देताना साल, प्रसंग आणि कॅसेटचा क्रमांक लिहा. तोच क्रमांक कॅसेटच्या पाठीवर चिकटवा. मावशीने सांगितलेल्या नावांची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये त्याच फोल्डरमध्ये ठेवा. कॅसेट पूर्ण मागे गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत, पुस्तकासारखी उभी ठेवा. उतरवून झाली तरी टाकू नका.